सव्वा तासात मस्कत

१

“चाची, तुमचा खिजर जिता हाय का मेला?”

प्रश्न तोंडातून निसटला आणि क्रांतीच्या लक्षात आलं, आता हा परत गिळता येणार नाही.

गंगावेशीतला दूध कट्टा संध्याकाळचा गच्च भरला होता. ओळीनं म्हशी उभ्या, गवळी उकिडवे बसलेले, धार थेट पेल्यात आणि पेला थेट तोंडाला. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. एक पैलवान तर मिशीवरचा फेस पुसायचाही विसरला.

ही आग लावली होती वर्षाराणीनं. “चौकात बोर्डावर झळकतीस, भावी कलेक्टर म्हणून! आणि एका बाईला एक प्रश्न विचारायला टरकतीस व्हय?” तिनं डिवचलं होतं. वर आठवडाभर बर्फाच्या गोळ्याची पैज.

“टरकतोय कशाला? विचारतो की!” क्रांती म्हणाली होती. (कोल्हापूरच्या पोरी येते-जाते म्हणत नाहीत, येतो-जातोच म्हणतात. त्याला इलाज नाही.) वर्षभरापूर्वी हीच क्रांती वर्गात हजेरीला नीट ‘हजर’ही म्हणत नव्हती. जानेवारीत वक्तृत्वाची जिल्ह्याची ढाल तिनं आणली आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला धरणाचं दार उघडल्यासारखं झालं होतं. वडिलांचं, बाळासो चौगुल्यांचं, फ्लेक्स छापायचं दुकान. मग काय, लेकीचा बारा बाय आठचा बोर्ड दुसऱ्याच दिवशी चौकात.

बिबीजानचाची काजळीच्या कासेशी बसली होती. काजळी तिची म्हैस, काळी कुळकुळीत, डोळ्यांभोवती तर आणखी काळी. बादली कोरडी ठणठणीत होती. चाचीनं सावकाश मान वर केली. ती रागावली नाही, हेच वाईट.

“जिता असता तर आईला तोंड दाखवलं असतं की, बेटी,” ती म्हणाली. “रोज पहाटे येतो. धार काढतो. बादली झाकून ठेवतो. पण तोंड न्हाय दाखवत. जित्या माणसाची अशी तऱ्हा असती व्हय?”

तिनं काजळीचं दावं सोडलं आणि ती निघून गेली. गोळ्याची पैज त्या दिवशी कुणालाच आठवली नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नसरीन दारात उभी. खिजरची धाकटी बहीण, क्रांतीची बाकावरची जोडीदारीण. डोळे लाल.

“भर कट्ट्यावर माझ्या अम्मीला विचारतीस?”

“चुकलं, नसरीन. वर्षानं...”

“वर्षाचं नाव घेऊ नको. तू विचारलंस. आता उत्तरबी तूच शोधून दे.” आणि ती पायरीवर मटकन बसली. “बारा दिवस झाले, अम्मी नुसत्या चहावर हाय. भाईजान गेला असं धरून बसलीय. आणि रविवारी चाचा काजळीला इकणार हाय. निपाणीकडचा व्यापारी येणार टेम्पो घेऊन. अम्मी म्हणती, म्हैस गेली की तो तरी कशाला येईल? मग मी कशाला राहू?”

आज बुधवार होता.

क्रांती नसरीनबरोबर तडक तिच्या घरी गेली. चौकात खिजरचा बोर्ड अजून तसाच होता. विमानाच्या चित्रासमोर काळा गॉगल लावलेला खिजर, वर लिहिलेलं: ‘मस्कत नगरीत पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची अकरा तोंडं. पण वळवाच्या वाऱ्यानं बोर्ड नेमका खिजरच्या चेहऱ्यावर फाटला होता. गॉगलच्या जागी मागचं आभाळ दिसत होतं. क्रांतीनं मान खाली घातली आणि पाय उचलले.

तीन आठवड्यांपूर्वी अख्ख्या गल्लीनं खिजरला वाजतगाजत मस्कतला धाडलं होतं. हलगी, गुलाल, उघडी जीप, तीन चौकांत नारळ. गल्लीतला परदेशी जाणारा पहिला माणूस म्हणून बडे गवळी हंबीरराव यांनी जीपवर उभं राहून पाऊण तास भाषण केलं होतं. एका कंपनीच्या भटारखान्यात नोकरी, मुंबईहून विमान.

आणि काजळी? ती फक्त खिजरच्या हाताची. तो तिच्या कुशीला कपाळ टेकवायचा, काहीतरी गुणगुणायचा, की ती पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावला की लाथ. तो गेल्यावर चार दिवस तिनं थेंब दिला नाही. कास टरारून सुजली, हात लावला तर चटका बसावा अशी गरम. कुतुबुद्दीनचाचांनी प्रयत्न केला, त्यांचा चष्मा गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन पडला.

पाचव्या पहाटे बिबीजान गोठ्यात आली तर कास मोकळी, काजळी निवांत रवंथ करतेय, आणि दगडावर फेसानं भरलेली बादली. वरून ताट झाकलेलं. दूध कोमट होतं.

तेव्हापासून रोज. संध्याकाळी थेंब नाही, पहाटे बादली भरलेली.

“कुणी जागून बघितलं न्हाय?” क्रांतीनं विचारलं.

“अम्मी बघू देत न्हाय. म्हणती, बघितलं तर येणार न्हाय परत.” नसरीन म्हणाली. “आणि खरं सांगू? मला धाडस हुत न्हाय.”

आजचीही बादली दगडावर होती. शेजारी काजळी. क्रांती हळूच तिच्याजवळ गेली, आणि थबकली. त्या काळ्याभोर कुशीवर, नेमकं जिथं माणूस कपाळ टेकवेल तिथं, पांढरं काहीतरी चिकटलं होतं. बारीक, मऊ, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या केसासारखं.

मागून कुणीतरी म्हणालं, “हात लावू नको, पोरी. कफनाचा धागा हाय त्यो.”

३

शेजारची अंबूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“तुम्ही बघितलंय काय, काकू?”

“बघितलंय म्हंजे! या दोन डोळ्यांनी. गेल्या सोमवारी तांबडं फुटायच्या आधी उठलोतो. बोळातनं गेला. वाकून. डोस्कं पांढरं, भुवया पांढऱ्या, सगळं अंग पांढरं. पायांचा आवाज न्हाय. मी म्हटलं, कोण रं? तर वळून बघितलं न्हाय.” अंबूबाईनं आवाज खाली आणला. “चोवीस वर्षांचं पोरगं. केस काळेभोर हुते. मेल्यावर माणूस असा पांढरा हुतो व्हय गं?”

 तरी तिनं तो धागा कागदाच्या पुडीत बांधून घेतलाच.

तिथून ती हंबीररावांकडं. त्यांच्या बारा म्हशी, कट्ट्यावर पहिली जागा, आणि काजळीवर कधीपासून डोळा. क्रांतीचा पहिला संशय त्यांच्यावरच होता.

“या, भावी कलेक्टर!” ते खुर्चीतूनच गरजले. “चौकशी काय? करा की.”

“काका, तुम्ही काजळीला मागितलं हुतं ना?”

“तीनदा. तिन्ही येळा खिजर न्हाय म्हणाला. आता मात्र फुकट दिली तरी नको. पहाटे भूत धार काढतंय म्हटल्यावर माझ्या कट्ट्यावर कोण येणार दूध प्यायला?” मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “पोरगं चांगलं हुतं गं. निघताना डोळ्यांत पाणी हुतं त्याच्या. सारखं घड्याळ बघत हुता. मी म्हटलं, घाबरतोस काय, सव्वा तासाचा तर प्रवास!”

“सव्वा तास?”

“अगं विमानाचा. आधी मलाबी म्हाईत नव्हतं, पोचल्यावर त्यानं फोनवर सांगितलं...” ते थांबले. “व्हय, तसं म्हटलं ते नंतर, फोनवर. सगळी गल्ली तेच बोलती. सव्वा तासात मस्कत! इथनं कराडला जायला तेवढा लागतो.”

कुतुबुद्दीनचाचा मोडका चष्मा दोऱ्यानं कानाला अडकवून बसले होते. त्यांना रडायला येत होतं की राग, कळेना.

“इकू नको तर काय करू? भावजय माझी मरायला टेकली. ती म्हैस तिला खाऊन टाकणार. डोळ्यांसमोरनं गेली की विसरंल.”

“पण चाचा, खिजरभाईचा तर रोज नेटवरनं फोन येतो की!”

“येतो. तीच तर भानगड हाय.” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “बिबी म्हणती, आवाज त्याचाच, पण तो न्हाय. गुणगुणत न्हाय, हसत न्हाय, तोंड दाखवायचं म्हटलं की कंपनीत कॅमेऱ्याला बंदी हाय म्हणतो. मागं सारखा खडखडाट. तू उद्या संध्याकाळी ये. ऐक. मग मला सांग, ते माणूस हाय का काय हाय.”

४

गुरुवारी सूर्य बुडायला क्रांती बिबीजानच्या खोलीत होती. फोन मध्यभागी चटईवर. कुतुबुद्दीनचाचांसकट चौघंही त्याच्याकडं साप असल्यासारखं बघत होते.

फोन वाजला. नसरीननं आवाज मोठा केला.

“अम्मी... कशी हायस?”

मागून खडक-खट, खडक-खट. एका लयीत, न थांबता. मध्येच खिजरचा आवाज वर यायचा आणि पुन्हा त्या खडखडाटाखाली जायचा.  बिबीजान फोनकडं बघत हात चोळत होती.

“जेवलीस का, अम्मी? काजळीची कास बरी हाय का?”

आणि तेव्हाच बाहेर, पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीतून मगरीबची अजान सुरू झाली. बिबीजाननं डोक्यावर पदर घेतला. 

पण अजान दोन होत्या.

एक खिडकीतून येत होती. दुसरी फोनमधून. खडखडाटाच्या मागून, लांबून, वेगळ्या गळ्याची, पण तीच, त्याच वेळी.  मस्कतची अजान आणि कोल्हापूरची अजान चटईवर एकमेकींत मिसळत होत्या, जणू मधला समुद्र कुणी काढूनच टाकला होता.

ती संपेपर्यंत क्रांती थांबली. मग तिनं फोन उचलला.

“खिजरभाई, मी क्रांती. एकच विचारतो. तिकडं आत्ता ऊन हाय का अंधार?”

खडक-खट. खडक-खट.

“सूर्य... आत्ताच बुडाला की,” आवाज म्हणाला.

“आणि विमानानं किती वेळ लागला?”

“सव्वा तास. सांगितलंय की अम्मीला. का?”

“काय न्हाय,” क्रांती म्हणाली.  “पोटभर जेव.”

फोन तिकडून बंद झाला.

५

शुक्रवारी सकाळी चौगुल्यांच्या दुकानात फ्लेक्सचा वास आणि जमिनीवर उघडा नकाशासंग्रह. वडील संगणकापुढं. क्रांती पट्टी घेऊन पालथी पडलेली. वर्षाराणी आणि नसरीन दोन बाजूंना.

“क्रांते, फोटो कुठला घेऊ? लाल ड्रेसमधला?” वडील विचारत होते. जूनमध्ये तिला लातूरला शिकवणीला धाडायचं ठरलं होतं. बोर्डाचा मजकूर तयार होता: ‘यशाच्या शिखराकडे लातूरला रवाना!’

“नंतर, पप्पा,” ती म्हणाली. लातूरचं नाव निघालं की ती विषय बदलायची, पण आत्ता खरंच दुसरं काम होतं.

“नसरीन, तिकिटाचा फोटो हाय ना तुझ्याकडं? वाच.”

“मुंबईहून सुटणार चार वाजून तीस मिनिटं. मस्कतला पोचणार पाच चाळीस.” नसरीननं बोटांवर मोजलं. “एक तास दहा. म्हंजे सव्वा तासच की.”

“मीबी तसंच मोजलं असतं. अख्ख्या गल्लीनं तसंच मोजलं. पण हे बघ.” क्रांतीनं पट्टी मुंबईवर ठेवली. “मुंबई ते मस्कत, सोळाशे किलोमीटर. सव्वा तासात जायचं तर ताशी पावणेतेराशेनं उडायला पाहिजे. प्रवासी विमान जातं आठ-नऊशेनं. त्यो काय तोफेतनं गेलता?”

“मग तिकीट खोटं?” वर्षाराणी.

“तिकीट खरं. सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची मस्कतच्या. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागं. ते मिळव त्यात. पावणेतीन तास झाले की नाही?”

“मग भाईजाननंबी घड्याळच बघितलं असंल,” नसरीन चिवटपणे म्हणाली. तिला अजून दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

“घड्याळ चुकंल, गं. पण पोट चुकतंय व्हय? पाय आखडत नाहीत? पहिल्यांदाच विमानात बसलेला माणूस पावणेतीन तास सीटला चिकटून बसला, तर त्याला सव्वा तास वाटंल? त्याला तर पाच तास वाटतील! खिजरभाईनं प्रवास केला न्हाय. त्यानं तिकीट वाचलं. त्या विमानात त्यो बसलाच न्हाय.”

 वडिलांचा माऊस थांबला.

“म्हणजे,” नसरीन पुटपुटली, “आधीच कुठंतरी मेला...”

“अगं, गप! काल अजान ऐकलीस ना? दोन, एकदमच. आता मस्कत आपल्या पश्चिमेला साडेपंधरा-सोळा रेखावृत्तं. एका रेखावृत्ताला चार मिनिटं, नववीत घोकलंय आपण. आपल्याकडं सूर्य बुडतो तेव्हा मस्कतला तासभर ऊन असतं. तिथं मगरीबची अजान व्हायला अजून तास पाहिजे. आणि त्यो म्हणतो, आत्ताच बुडाला. जिथं त्यो उभा होता, तिथं सूर्य आपल्याच वेळेला मावळतो. लांब न्हाय, नसरीन. इथंच, आसपास.”

नसरीननं तिचा दंड घट्ट पकडला. “कुठं?”

क्रांतीनं पुडी उघडली. पांढरा, मऊ तंतू नकाशावर पडला.

“अंबूबाईला कफन दिसलं. मला तासाभरावरच्या कबनूरचा माझा मामा दिसला. सयाजीमामा रात्रपाळी करून आला की केस, भुवया, कानातले केससुद्धा पांढरे. आई दारातच झटकायला लावती. यंत्रमागावर कापसाचा हा धुरळा उडतो. आणि फोनमधली खडक-खट? मामाकडं गेलो की मी त्याच आवाजात झोपतो.” तिनं श्वास घेतला. “शिवाय मला सांगा, भूत फक्त पहाटेच कसं येतं? संध्याकाळी का न्हाय? त्याला काय ड्युटी असती? आणि मांजर तोंड घालंल म्हणून दुधावर ताट झाकणारं भूत कुणी बघितलंय?”

वर्षाराणी हसली, मग नसरीनकडं बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

कारण नसरीन हसत नव्हती. “पण का?” ती म्हणाली. “जिता हाय, इथंच हाय, रोज गोठ्यात येतो. आणि आत अम्मी मरायला टेकलीय. तीन पावलं आत का येत न्हाय?”

याचं उत्तर नकाशात नव्हतं.

६

शनिवारी दुपारी सयाजीमामा क्रांती आणि नसरीनला कबनूरच्या एका यंत्रमागाच्या शेडवर घेऊन गेला. “कोल्हापूरचा नवीन कामगार, रात्री तीनला मालकाच्या हातापाया पडून मोटारसायकलनं जातो आणि सातला परत येतो. असा एकच हाय,” तो म्हणाला. “सगळे म्हणत्यात, बाईचं प्रकरण असंल.”

“म्हशीचं हाय,” क्रांती म्हणाली.

मागांच्या आवाजात जमीन थरथरत होती. शेडच्या कडेला एक अंधारी खोली. मामानं दार ढकललं. आत जमिनीवर कुणीतरी आडवं होतं, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीखाली. चादरीवर, उशीवर, भिंतीवर तो पांढरा धुरळा. पाऊल टाकलं की उडायचा. चादर वरखाली होत नव्हती, निदान त्या अंधारात तरी.

नसरीन किंचाळली.

चादर उठून बसली. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, खोल गेलेले डोळे. क्षणभर क्रांतीलासुद्धा वाटलं, आपलं गणित चुकलं, अंबूबाई बरोबर.

मग त्या पांढऱ्या माणसाला शिंक आली.

“नसरीन?” तो म्हणाला. “काजळीला काय झालं?”

नसरीननं आधी त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले, मग गळ्यात पडली. धुरळा तिच्याही केसांवर बसला.

खिजरला सांगायला वेळ लागला. मान वर होत नव्हती.

“पाचला गाडी निघायची हुती. मुंबईला दोनला पोचणार, काउंटर साडेतीनला बंद. सगळं धरून हिशेब केलता. पण हलगी आली. मग जीप. मग तीन चौकांत नारळ. हंबीररावकाकांचं भाषण. मी सारखा म्हणतोय, चला की, चला की. कुणाला ऐकू येतंय? सगळी माझ्यासाठीच नाचालती. साडेसातला हायवेला लागलो. तिथं पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं. काचेच्या पलीकडनं त्या बाईनं नुसतं घड्याळ दाखवलं.” त्यानं तळहातावरचा धुरळा चोळला. “मग बाहेर भिंतीशी बसलो. साडेचारच्या पुढं तीन विमानं उडाली. त्यातलं माझं कुठलं, तेबी कळलं न्हाय. कंपनीनं जागा दुसऱ्याला दिली.”

“मग घरी यायचं की!” नसरीन.

“आलो. रातच्या गाडीनं पहाटे चौकात उतरलो. वर बघितलं तर माझाच बोर्ड. हार्दिक अभिनंदन.” तो हसायला गेला, जमलं नाही. “काय सांगू त्यांना? तुम्ही नाचलात म्हणून माझं विमान चुकलं? ज्यांनी खांद्यावर घेतलं त्यांना? तिथनंच मागं फिरलो. वाटलं, दोन महिन्यांनी सांगू, नोकरी आवडली न्हाय म्हणून. मग फोनवर तू रडलीस, काजळीची कास सुजलीय म्हणून. ती मेली असती, नसरीन.”

“आणि अम्मी?” क्रांतीनं विचारलं. “काजळीची कास तुला दिसली. अम्मी पंधरा दिवस जेवली न्हाय, हे कुणी सांगितलं काय तुला?”

खिजरनं तिच्याकडं बघितलं. त्या पांढऱ्या तोंडावर दोन काळ्या रेघा उतरत गेल्या.

“उद्या पहाटे येतो,” तो म्हणाला. “मागच्या बोळातनं.”

“न्हाय,” क्रांती म्हणाली. “सकाळी नऊला. चौकातनं. पुढच्या दारानं.”

७

रविवारी नऊला निपाणीचा टेम्पो गोठ्यासमोर उभा होता. काजळी फळीवर पाय ठेवत नव्हती. चौघं ढकलत होते, कुतुबुद्दीनचाचा रडत होते, बिबीजान उंबऱ्यावर दगडासारखी बसली होती. अख्खी गल्ली जमलेली.

अचानक काजळीनं कान उभे केले. आणि असा हंबरडा फोडला की व्यापाऱ्याच्या हातून दावं सुटलं.

चौकातून खिजर येत होता. धुतलेले काळे केस, बाजूला नसरीन आणि क्रांती. तो स्वतःच्या फाटक्या बोर्डाखालून चालत आला, आणि अंबूबाई “अगं आई गं” म्हणून खाली बसली.

तो उंबऱ्याशी थांबला. बिबीजाननं त्याच्या तोंडाला हात लावला, कानाला, केसांना. मग फाडकन कानाखाली दिली.

“गरम हाय,” ती सगळ्यांना म्हणाली. “अंग गरम हाय. जिता हाय माझा.” आणि तिचा बांध फुटला.

नंतर खिजरनं सगळं सांगितलं, जीप, नारळ आणि भाषणासकट. 

“माझं भाषण किती येळ झालं हुतं?” शेवटी हंबीररावांनी विचारलं.

“पाऊण तास, काका.”

 हंबीरराव चौकात गेले, शिडी मागवली आणि कुणाला चढू न देता स्वतः चढून बोर्ड उतरवला. दुपारी तोच बोर्ड काजळीच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून बसला, विमान खाली तोंड करून. टेम्पो मोकळा गेला. संध्याकाळी कट्ट्यावर काजळीनं बादली भरून दूध दिलं आणि पहिला पेला बिबीजान प्यायली. वर्षाराणीनं सात गोळ्यांची पैज एका दिवसात फेडली.

घसा बसलेली क्रांती घरी आली तेव्हा वडील संगणकापुढंच होते. पडद्यावर लाल ड्रेसमधली ती, मागं डोंगराचं शिखर. आई शेजारी उभी राहून रंग सांगत होती.

“आली बघा आमची डिटेक्टिव्ह!” वडील म्हणाले. “क्रांते, पंधरा बाय दहाचा करू का? निघायच्या दिवशी हलगीबी सांगितलीय.”

क्रांतीनं पुढं होऊन पडदा बंद केला.

“पप्पा, आई, मी ठरवलंय. लातूरला जाणार. मला भीती वाटती, तरी जाणार. पण बोर्ड छापायचा न्हाय, हलगी न्हाय, नारळ न्हाय. तुम्ही दोघांनी यायचं स्टँडवर, बास. आणि तिथं न्हाय जमलं, तर मी परत येणार. पहाटे न्हाय, मागच्या बोळातनं न्हाय. भर दुपारी, चौकातनं, पुढच्या दारानं. त्या दिवशी कुणी विचारलं पोरगी का परत आली, तर तुम्ही सांगायचं, आमची हाय म्हणून आली.”